असंच आलो होतो, मॅडम

प्रति,
माननीय कुलगुरू,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

विषय : १० ऑक्टोबरच्या अहवालासोबत छायाचित्रे न जोडण्याबाबत

माननीय महोदय, महोदया,



आपल्या कार्यालयांची परिपत्रके २९ वर्षे वाचून माझी मराठी बिघडली आहे. घरी किराण्याची यादी करायला बसले तरी वर आधी 'खालीलप्रमाणे' असे लिहिते. तेव्हा या पत्रात मध्येच कुठे 'सदर' किंवा 'उपरोक्त' डोकावले तर तो दोष माझा एकटीचा समजू नये.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात मी मानसशास्त्र शिकवते. १९९६ साली रुजू झाले. निवृत्तीला चौदा महिने उरलेत. एवढ्या उंबरठ्यावर माणूस धीट होतो म्हणतात. पण पेन्शनची कागदपत्रे अजून तयार व्हायची आहेत, म्हणून गावाचे आणि महाविद्यालयाचे नाव लिहिण्याइतकी धीट मी झालेली नाही.

पत्राचे कारण दरवर्षीचे परिपत्रक. १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन १९९२ पासून पाळला जातो. आमच्याकडे त्याची आठवण करून देणारे पत्र साधारण ७ तारखेला, 'तात्काळ' असा शिक्का घेऊन येते. रॅली काढावी, शपथ घ्यावी, पोस्टर स्पर्धा घ्यावी, तज्ज्ञांचे व्याख्यान ठेवावे, आणि हे सगळे झाल्याचा अहवाल त्याच दिवशी सायंकाळी पाचपर्यंत किमान पाच जिओटॅग छायाचित्रांसह गुगल फॉर्मवर भरावा. छायाचित्रात बॅनर स्पष्ट दिसला पाहिजे. माणसांच्या चेहऱ्यांविषयी काही अट नसते.

आता एका दिवसाचे सांगते. १० ऑक्टोबर २०२२, सोमवार. त्याच दिवशी केंद्र सरकारने टेलिमानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा सुरू केली. तिचा १४४१६ हा क्रमांक आता पुष्कळ ठिकाणी लावलेला दिसतो. आमच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी मी बॅनरची सुतळी शोधत होते. तृतीय वर्षाचा एक मुलगा दाराशी येऊन उभा राहिला.

"काय रे?"

"काही नाही मॅडम, असंच आलो होतो."

"कार्यक्रम झाल्यावर ये."

साडेबाराच्या सुमारास तो पुन्हा आला. तेव्हा पाहुण्यांच्या चहाचे कप मोजून एक कमी भरत होता. मी बोलले नाही, नुसता हात वर करून थांब म्हटले. मग व्याख्यान, मग आभार, मग फोटो, मग फॉर्मवर फोटो चढत नव्हते म्हणून कार्यालयातल्या संगणकापाशी अर्धा तास. पाच वाजता प्रयोगशाळेत आले तेव्हा दारात कोणी नव्हते. पाहुण्यांच्या व्याख्यानाचा विषय काय होता हे सांगितले तर आपणास मी रचून सांगते असे वाटेल, म्हणून सांगत नाही.

त्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने काढायला आलेले सोयाबीन रानातच भिजवले होते. दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीनंतर तो आला नाही. जानेवारीत त्याच्या गावच्या मुलीने सांगितले की तो चाकणला कंपनीत कंत्राटावर लागलाय. परीक्षेत त्याचा बाक रिकामा राहिला. परीक्षा विभागाच्या लेखी तो 'गैरहजर'.

वाईट काही झाले नाही, असे आपण म्हणाल. खरेच आहे. म्हणूनच तो कुठल्याही अहवालात येत नाही.

'असंच' या शब्दाविषयी मला थोडे अधिकाराने बोलायचे आहे. माझ्या पाठ्यपुस्तकांत चिंता, अवसाद, समायोजन, प्रतिबल असे सगळे आहे, पण हा शब्द नाही. आणि २९ वर्षांत एकही विद्यार्थी माझ्या दारात येऊन 'मॅडम, मला प्रतिबल जाणवते' असे म्हणालेला नाही. ते म्हणतात, असंच आलो होतो. सहज. जर्नलवर सही पाहिजे होती. आणि सही आधीच झालेली असते. मुली म्हणतात, डोकं दुखतंय, जेवण जात नाही, कसंतरी होतंय. मग खुर्चीच्या टोकाला बसतात, टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहतात आणि विचारतात की मॅडम, तुमचं गाव कोणतं. या प्रश्नापासून मूळ गोष्टीपर्यंत यायला कमीत कमी चाळीस मिनिटे लागतात. कधी तीन आठवडे लागतात. ही चाळीस मिनिटे कुठून आणायची, हा माझा आपणास प्रश्न आहे. बाकीचे पत्र हे त्याचे स्पष्टीकरण समजा.

पूर्वी ती कुठून यायची ते सांगते. पहिले ठिकाण म्हणजे आमचे प्रात्यक्षिक. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगासाठी 'सब्जेक्ट' लागतो, आणि तो स्वतःच शोधून आणावा लागतो. त्यामुळे दर हिवाळ्यात महाविद्यालयभर आमची मुले सब्जेक्ट धरत फिरतात. भूगोलवाल्यांना पकडतात, वसतिगृहातल्यांना चहाचे आमिष दाखवतात. आमची सामग्री जुनी आहे. डॉ. भाटियांची १९५५ सालची बुद्धिमापनाची कसोटी आहे, लाकडी पेटीतली. तिच्यातला एक रंगीत ठोकळा हरवला तेव्हा गावातल्या सुताराकडून करून घेतला. तो तसूभर मोठा झाला आहे, आणि आमच्या गावची बुद्धिमत्ता गेली पंधरा वर्षे त्या एका ठोकळ्याने कमी भरते. आरशात पाहून चांदणीच्या रेषांमधून पेन्सिल न्यायचे उपकरण आहे. ग्रंथालयातले शिपाई मामा या उपकरणाचे आमचे कायमचे सब्जेक्ट. वीस-बावीस वर्षांत त्यांनी ती चांदणी इतक्यांदा काढली आहे की आता ते बोलता बोलता काढतात. त्यांच्या आकड्यांनी दरवर्षी कुणा ना कुणाचा निष्कर्ष बिघडतो. मी 'सरावाचा परिणाम' हा मुद्दा त्यांच्याच उदाहरणाने शिकवते.

पण मला सांगायचे आहे ते प्रयोगानंतरच्या रकान्याचे. प्रयोग संपला की सब्जेक्टने त्या वेळी काय वाटले ते सांगायचे, आणि मुलांनी ते जर्नलमध्ये उतरवायचे. या अंतर्निरीक्षणाकडे तपासणारा फारसे लक्ष देत नाही. बहुतेक जण 'प्रयोग करताना मजा वाटली' एवढे लिहून मोकळे होतात. एकदा वसतिगृहातल्या एका मुलीचे निवेदन माझ्यासमोर आले : 'हात जिकडं न्यायचा तिकडं जात नाही. घरीबी असंच होतंय.' लिहून घेणाऱ्या मुलाने ते जसेच्या तसे लिहिले होते. त्याचे मला अजून कौतुक वाटते. त्या मुलीला मी बोलावले नाही. दुसऱ्या एका प्रयोगासाठी सब्जेक्ट म्हणून मागितले. ती आली, आणि पुढची दोन वर्षे अधूनमधून येत राहिली. सगळ्यांना वाटायचे, मॅडमचा प्रयोग चाललाय.

आता तासिकांचे गणित बदलले, श्रेयांक आले, नव्या शैक्षणिक धोरणाने विषयांची मांडामांड केली. त्यात चांगलेही पुष्कळ आहे. विज्ञानाचा मुलगा आता माझ्या तासाला बसतो, हे मला आवडते. पण प्रयोगानंतरचा तो सैल अर्धा तास कुठल्या श्रेयांकात बसत नसल्याने गेला. तो कोणी काढून घेतला असेही नाही. खिशाला भोक पडून सुटे पैसे जातात तसा गेला.

दुसरे ठिकाण राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिचे सात दिवसांचे निवासी शिबिर मी पहिल्यांदा केले ते १९९७ साली, रुजू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. तेव्हा मला सगळे येत होते. आम्ही एका खेड्यातल्या जुन्या दगडी शाळेत उतरलो होतो. मुलींची खोली वेगळी, आणि तिच्या दाराशी मी. पहिल्या रात्री एक मुलगी अंथरूण उचलून पटांगणात जाऊन झोपली. थंडी होती, परके गाव होते. मी तिला आत आणले आणि चांगली झापली. दुसऱ्या रात्री ती पुन्हा बाहेर. मी पुन्हा रागावले, घरी पाठवीन म्हणाले. तिने ऐकून घेतले आणि सकाळपर्यंत भिंतीला न टेकता, दाराच्या मधोमध बसून राहिली.

सकाळी नदीवर तवे घासताना दुसऱ्या एकीने मान वर न करता सांगितले : मॅडम, ती किल्लारीकडची आहे.

३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. पहाटेचे चार वाजायला काही मिनिटे होती. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गाव झोपलेले. जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशा घरांनीच आपली माणसे मारली. त्या पहाटे ती पंधरा वर्षांची असणार. पुढे लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, आणि अनेकांना पत्र्याखालीच झोप लागू लागली, कारण पत्रा अंगावर पडला तरी माणूस वाचतो. आघातोत्तर ताणविकृती हा विषय मी एम.ए.ला लिहून चांगले गुण मिळवले होते. आणि ती दारात बसलेली असताना मी तिला शिस्त शिकवत होते.

तिसऱ्या रात्रीपासून मीही पटांगणात झोपले. माझ्यामागे अर्ध्या मुली आल्या. तिला मी काही विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. शेवटच्या दिवशी परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ती माझ्या शेजारी बसली होती, आणि ट्रॉलीच्या खडखडाटात, समोर रस्त्याकडे बघत तिने धाकट्या भावाचे नाव सांगितले. फक्त नाव. मी ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून माझी एक समजूत झाली आहे. तिला संशोधनाचा आधार द्या म्हणाल तर देणार नाही. आमची मुले समोरासमोर बसून बोलत नाहीत. ती शेजारी बसून, दोघांचेही डोळे तिसरीकडे असताना बोलतात. भांडी घासताना. युवक महोत्सवाहून रात्री दीडला परतणाऱ्या गाडीत, जेव्हा मूकनाट्यवाले अर्धा रंग पुसून झोपलेले असतात आणि एक जण मॅडमशेजारच्या सीटवर येऊन म्हणतो, झोप येईना. रंगपटात कुणाच्या कपाळावर टिळा लावताना. व्याख्यानमालेत असले काही मी कधी घडलेले पाहिले नाही, मग वक्ता मी स्वतः असले तरी.

त्यामुळे मला कार्यक्रमांच्या विरुद्ध समजू नका. अश्वमेध, इंद्रधनुष्य, आविष्कार या आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या नावांनी माझीही छाती फुगते. आमचे एक पोरगे इंद्रधनुष्यच्या संघात गेले तेव्हा गावात पेढे वाटणाऱ्यांत मी होते. माझी तक्रार आहे ती कार्यक्रमाच्या आधीची आणि नंतरची वेळ फोटोने खाल्ल्याची. पूर्वी संघव्यवस्थापकाला परत आल्यावर खर्चाची पावती द्यावी लागे. आता गाडीत बसल्या बसल्या फोटो पाठवावे लागतात. माझी मान मोबाइलमध्ये खाली असते. शेजारच्या सीटवर कोण येऊन बसेल?

नॅकच्या मूल्यांकनाचे थोडक्यात सांगते, कारण सगळ्यांनीच ते भोगले आहे. १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात प्रयोग झाले. आपल्याकडे कोणीतरी पाहते आहे एवढ्यानेच कामगारांचे काम सुधारते, असा त्यांचा प्रसिद्ध निष्कर्ष. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर पुष्कळ आक्षेप घेतले. आमच्या महाविद्यालयात मात्र तो दर पाच वर्षांनी निर्विवाद सिद्ध होतो. रंग लागतो, भाड्याच्या कुंड्या येतात, मुलांची उत्तरे पाठ करून घेतली जातात. गेल्या खेपेला समितीतल्या एका सदस्यांनी प्रथम वर्षाच्या मुलाला विचारले, समुपदेशन केंद्र आहे का? मुलगा म्हणाला, "आहे सर. पण त्याला कुलूप असतं." संध्याकाळी त्या मुलाला शोधत बरेच जण फिरत होते. मी त्याला प्रयोगशाळेत लपवून चहा पाजला.

कुलूप असते, कारण तिथे कोणी येत नाही. तो कक्ष पूर्वी क्रीडा विभागाची कोठी होता. बरोबर प्राचार्यांच्या दालनासमोर, कार्यालयाच्या रांगेत. वर तीन फुटी पाटी. या गावात 'सायकॉलॉजीच्या मॅडमकडे गेली होती' या वाक्याने मुलीचे जमत आलेले लग्न मोडू शकते, तिथे त्या पाटीखालून आत कोण जाईल? माझ्या प्रयोगशाळेला मागच्या बाजूने, लिंबाकडे उघडणारे दुसरे दार आहे. माझ्या सगळ्या कारकिर्दीत मानसिक आरोग्यासाठी सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू कोणती म्हणाल तर ते दार.

स्नेहसंमेलनाबद्दल न लिहिता पुढे जाता येत नाही. फिशपाँड आपणास ठाऊक असतील. जुनी माणसे त्यांना शेलापागोटे म्हणत. पेटीत निनावी चिठ्ठ्या टाकायच्या आणि मंचावरून त्या वाचायच्या. एका वर्षी एका मुलीच्या रंगावर चारोळी आली. मांडव हसला. ती सगळ्यांत जास्त हसली. आणि मी, पहिल्या रांगेत, प्राध्यापकांच्या खुर्चीत बसून हसले. सॉलोमन ॲशने १९५१ साली रेषांच्या लांबीचे प्रयोग केले. समोरची रेषा स्पष्ट दिसत असूनही, बाकीचे चुकीचे सांगतात म्हणून, चारपैकी साधारण तीन जणांनी निदान एकदा तरी चुकीचे उत्तर दिले. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्या संध्याकाळी मला रेषा दिसत होती.

दुसऱ्या वर्षी मी ती पेटी मागून घेतली. आता चिठ्ठ्या घरी नेऊन मी निवडते. दोन तृतीयांश फेकाव्या लागतात. कुठल्याही प्रश्नावलीने सांगितले नसते एवढे मला त्या फेकलेल्या चिठ्ठ्यांनी शिकवले आहे. चार वर्षांपूर्वी त्या पेटीत वहीच्या पानाचा तुकडा निघाला. त्यावर चारोळी नव्हती, कोणाचे नाव नव्हते. 'मला घरी जायचे नाही', एवढेच. अक्षर ओळखीचे नव्हते. मी दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गांत जाऊन, भलत्याच कारणाने, सांगितले की प्रयोगशाळा पाचपर्यंत उघडी असते आणि मागचे दारही. त्या आठवड्यात तीन जण आले. तिघेही असंच. चिठ्ठी त्यांच्यापैकी कोणाची होती की कोणाचीच नव्हती, हे मला आजही माहीत नाही.

मग एका वर्षी आपल्यापैकी एका विद्यापीठाकडून तक्ता आला. समुपदेशन केलेल्या विद्यार्थ्यांची यादी : अनुक्रमांक, नाव, वर्ग, भ्रमणध्वनी, समस्येचे स्वरूप, विद्यार्थ्याची स्वाक्षरी. वर शीर्षक, 'लाभार्थी'. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, हे मी उत्तरात कळवले आणि नुसते अनुक्रमांक पाठवले, १ ते ४१. यादी 'त्रुटीपूर्तता करून सादर करावी' या शेऱ्यासह परत आली. मग मी नावाच्या रकान्यात ४१ वेळा 'गोपनीय' लिहिले आणि समस्येच्या स्वरूपात ४१ वेळा 'असंच'. यादी मान्य झाली. सगळे रकाने भरलेले होते.

हसू येते, पण आता हसण्याची वेळ गेली आहे. विशाखापट्टणमला शिकणाऱ्या १७ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. न्यायालयाने बोलायलाच हवे होते.

आता पाहा, आमच्याकडे अंमलबजावणी कशी झाली. मला एक पत्र मिळाले : आपली समुपदेशक म्हणून नियुक्ती करण्यात येत आहे. झाले, पद भरले. रॅगिंगविरोधी समिती, नॅकचा निकष ५, युवक महोत्सव, यांच्या खाली आणखी एक ओळ. मी नम्रपणे सांगते, मी अर्हताप्राप्त समुपदेशक नाही. एम.ए. होऊन शिकवणे वेगळे आणि देखरेखीखाली रुग्णांसोबत काम करून समुपदेशन शिकणे वेगळे. प्राणिशास्त्राच्या सरांना आपण गुरांचा डॉक्टर नेमत नाही. शिवाय अंतर्गत मूल्यमापनाचे गुण माझ्या हातात आहेत. ज्या बाईच्या हातात गुण आहेत, तिच्यापुढे तृतीय वर्षाचा मुलगा किती मोकळा होणार?

विभागात दोन पदे मंजूर आहेत. एक माझे, दुसरे कित्येक वर्षे रिकामे. त्या जागी तासिका तत्त्वावर एक तरुण सहकारी येतो. त्याला मानधन तासाचे मिळते, आणि तेही मिळते तेव्हा मिळते. मुले त्याच्याशी माझ्यापेक्षा सहज बोलतात. वय जवळचे, गाव जवळचे. मागच्या दाराच्या पायरीवर तो मुलांबरोबर बसतो, ते तास कोणी मोजत नाही. त्याची स्वतःची झोप कशी आहे असे मी एकदा विचारले. तो म्हणाला, असू द्या मॅडम. मी निवृत्त झाल्यावर दोन्ही पदे रिकामी होतील. मग समुपदेशक म्हणून कोणाला पत्र जाईल ते मला माहीत नाही. बहुधा भूगोलाला.

यंदाचा, २०२५ चा सप्टेंबर मराठवाड्यात कसा गेला ते आपण पाहिले आहे. पीक गेले हे दरवर्षीचे झाले. यंदा काही ठिकाणी रानातली मातीच पाण्याबरोबर गेली. जनावरे गेली. त्या घरांतली मुले आता एकेक करून परत येऊ लागली आहेत. काही येणार नाहीत. जी येतील त्यांना १० ऑक्टोबरला शपथ द्यायची आहे की आम्ही आमच्या मानसिक आरोग्याची काळजी घेऊ.

म्हणून माझे मागणे. परिपत्रक काढायचेच असेल तर त्यात एवढे लिहावे की त्या आठवड्यात कोणताही कार्यक्रम घेऊ नये, कोणताही अहवाल मागवला जाणार नाही. महाविद्यालयाने फक्त दोन दुपारी रिकाम्या ठेवाव्यात. मैदान, वाचनालय, प्रयोगशाळा उघडी. शिक्षक जागेवर, मोबाइल पिशवीत. पूर्णवेळ, प्रशिक्षित समुपदेशकाचे पद मंजूर करून घ्या. ते प्रत्येक महाविद्यालयाला परवडत नसेल तर तालुक्यातल्या चार महाविद्यालयांत मिळून एक द्या, पण गुण देणाऱ्याला देऊ नका. आणि नावांची यादी मागू नका. यातले पहिले मागणे फुकटचे आहे, म्हणून तेच सर्वांत अवघड जाईल असे वाटते.

जूनमध्ये मला एक फोन आला. मागे यंत्रांचा आवाज होता. तोच मुलगा, २०२२ सालचा. "मॅडम, परीक्षा बाहेरून देता येते का?" मी त्याला नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे सांगितले, प्रवेश कधी सुरू होतात ते पाहून ठेवायला सांगितले. त्याने जवळचे अभ्यासकेंद्र विचारून घेतले. मग मला राहवेना. म्हटले, "त्या दिवशी तू दोनदा आला होतास प्रयोगशाळेत. कार्यक्रम होता तेव्हा. कशाला आला होतास?"

तो जरा वेळ गप्प राहिला. "कधी, मॅडम?" म्हणाला. "आठवत नाही. असंच आलो असेन."

शिफ्ट सुरू व्हायची होती. त्याने फोन ठेवला.

येत्या १० ऑक्टोबरला शुक्रवार आहे. बॅनर मी मागच्या वर्षीचाच लिंबाखाली पायरीवर अंथरणार आहे. बसायला बरा पडतो. दिवसभर तिथे असेन. गुगल फॉर्म आमच्याकडून कोरा येईल, त्याबद्दल प्राचार्यांना जबाबदार धरू नये. त्यांना मी हे सांगितलेले नाही.

कळावे,

आपली नम्र,
मानसशास्त्राची एक प्राध्यापिका

सहपत्रे : निरंक